क्लाइव्हचे उलटे ड्रम

हॅलो? … हो, डेस. मघाशी मीच केला होता. ग्लेनिस, आधी खाली बस. … बसलीस? रॉयस्टन आणि क्लाइव्ह माझ्या पबात आहेत. … दोघं! एकाच खोलीत! … नाही गं, डोकी नाही फुटली अजून.

… कोणी बोलावलं म्हणजे? मी! तुमचा बँड फुटला तेव्हापासून सगळं सामान माझ्या तळघरात सडतंय. रॉयस्टनला म्हटलं, तुझा गिटारचा अँप घेऊन जा. क्लाइव्हला म्हटलं, ड्रम ने. एकाला दुसऱ्याचं नाव सांगितलं नाही. … हो, खोटारडा. म्हण.

… बोलतायत कसले! एकाचं तोंड खिडकीकडे, एकाचं दाराकडे. मग… हो, हो… अगं ऐक ना! ड्रम मी आधीच मांडून ठेवले होते. उलटे! … अगं, क्लाइव्ह डावरा ना? मी उजव्या हाताचे मांडले. … चुकून? जन्मभर मीच मांडत आलो तुमचं सामान, मला चुकून म्हणतेस?

… अर्धा ग्लासपण नाही संपला त्याचा! ‘डेस, गाढवा, म्हातारचळ लागला काय,’ म्हणत उठला. झांजा इकडच्या तिकडे केल्या, बसला, दोन टोले हाणले. नुसतं बघायला हं. आणि तिकडे रॉयस्टनचा पाय हलायला लागला!

… थांब, थांब. उठला! अगं, गिटारची वायर लावतोय… हा घे, फोन तिकडे धरतो…

… ऐकलंस? … रडतेस काय? … बरं, सर्दी.

… काय बोलणार? रॉयस्टन म्हणाला, ‘ड्रम वाजवतोयस का चहा ढवळतोयस?’ क्लाइव्ह म्हणाला, ‘तू आधी गिटार सुरात लाव.’ झालं. आपल्या डडली गावची माणसं ही, गळ्यात गळे घालतील का?

… पण तुझी बेस गिटार नाही गं. तुझ्याशिवाय पोकळ वाटतं. … बोटं दुखतात? माझे गुडघे बघ एकदा. … शपथ घेतली होतीस, ठाऊक आहे. दोघांनी बोलावल्याशिवाय यायचं नाही. … नाही, मी त्यांना सांगणार नाही, तुझं तू…

थांब, क्लाइव्ह ओरडतोय. काय रे? … ग्लेनिस, तो विचारतोय, ‘ती निघाली का?’ … आईशप्पथ, मी काही बोललो नाही! आणि रॉयस्टन बघ, टेबल सरकवतोय. मध्ये तुझ्यापुरती जागा करतोय. … अगं, कसला खणखणाट तो? गाडीच्या किल्ल्या?

हॅलो? … ग्लेनिस? … ठेवला की!

ए, जरा दमानं वाजवा रे! ती पोचेपर्यंत दमून मराल!