डाव्या दाराची काच

(सोलापूर, सन १९३३. मिलमालकांच्या बंगल्यातला मोटारखाना, सकाळची वेळ. चार महिन्यांपूर्वी आलेली विलायती बंद मोटार उभी आहे. तिच्या डाव्या बाजूच्या भिंतीवर उभ्या पट्ट्यांचे कापड ताणून ठोकले आहे. हजर तिघे : मिलचे मॅनेजर, कापडातले दोष शोधणारे घडीखात्याचे तपासनीस रेवणप्पा मास्तर आणि मोटारीचा ड्रायव्हर धुळाप्पा.)

मॅनेजर : ते सगळं ठीक आहे, मास्तर, पण मोटारीच्या काचेचा आणि तुमच्या या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचा संबंध काय, तेवढं सांगा. बारा वाजायच्या आत मला फौजदाराकडे अपघाताचा रिपोर्ट पाठवायचा आहे.

मास्तर : संबंध असा की, साहेब, सरळ वस्तू डोळ्यांसमोर असल्यावाचून वाकडेपणा ओळखता येत नाही. या कापडाचा प्रत्येक पट्टा मी स्वतः तपासलेला आहे. आपण ड्रायव्हरच्या जागी बसा आणि डाव्या दारातून भिंतीकडे पाहा.

मॅनेजर : बसलो. गादी काय सुरेख आहे हो!

मास्तर : गादीविषयी माझी तक्रार नाही. धुळाप्पा, डावी काच खाली उतरव.

धुळाप्पा : उतरवली, मास्तर.

मास्तर : आता पट्टे कसे दिसतात?

मॅनेजर : कसे म्हणजे? सरळ.

मास्तर : काच वर घे, धुळाप्पा. सावकाश. पूर्ण बंद होऊ दे. आता, साहेब?

मॅनेजर : आता... थांबा, मान जरा इकडे... अरेच्चा!

मास्तर : उद्गार नको, वर्णन हवे.

मॅनेजर : मधले चार-पाच पट्टे कमरेत मोडल्यासारखे दिसतायत. मान हलवली की तेही हलतात, चूल पेटल्यावर पलीकडची भिंत हलते ना, तसे. मास्तर, कापड तिरकं नाही ना ठोकलं? का विणीतच काही...

मास्तर : त्या कापडावर माझा शिक्का आहे.

मॅनेजर : म्हणून तर विचारलं.

मास्तर : म्हणूनच विचारायला नको होते. काच उतरली की पट्टे सरळ, काच चढली की वाकडे. कापड काही काचेला भिऊन वाकत नाही.

मॅनेजर : पण कोपऱ्यात ही चिठ्ठी बघा. ‘तपासून पास’, आणि खाली सही. मालक येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात, म्हणून तर ती अजून काढलेली नाही. शिवाय मोटार विकणाऱ्या एजंटाचं पत्र आलंय, कारखान्यातून बाहेर पडणारी एकूण एक काच तज्ज्ञ माणूस उजेडात धरून पाहतो म्हणे.

मास्तर : चिठ्ठीवरून चिठ्ठी चिकटवली एवढेच सिद्ध होते, काच पाहिली, हे सिद्ध होत नाही. बावीस वर्षे मी शिक्के मारतो आहे. सुट्टीचा भोंगा जवळ आला आणि समोर ताग्यांचा ढीग उरला, की हात आपोआप चालू लागतो आणि डोळा मागे राहतो. त्या गृहस्थाचे त्या दिवशी तसेच झाले असणार.

मॅनेजर : तुमचं कधी झालंय?

मास्तर : नाही.

धुळाप्पा : मास्तरांचं न्हाय व्हनार, सायेब. माज्या मेव्हन्याच्या ताग्यात एकच धागा तुटला हुता, एकच. तर आख्खा तागा त्येच्याच गळ्यात बांधला.

मास्तर : धागा तुटला होता की नव्हता?

धुळाप्पा : तुटला हुता की. म्या कुटं न्हाय म्हनतोय? त्येचीच धोतरं नेसतोय अजून त्यो. लई टिकाऊ हायत.

मॅनेजर : बरं, ते राहू दे. अपघाताचं बोल. मला मालकीणबाईंनी सांगितलंय, पण तुझ्या तोंडून ऐकू दे.

धुळाप्पा : बाईसायबास्नी देवळातनं घरी आनत हुतो. भवानी पेठंच्या वळनावर आलो. डावीकडं वळायचं म्हनून ह्या काचंतनं बघितलं. केराबाई भितीला खेटून उभी. चांगली दोन हात लांब. भोंगा झाला हुता, पाळी सुटल्याली. म्या म्हनलं, उभी हाय, जाऊ दे आपल्याला. गाडी वळवली. आन्...

मॅनेजर : आणि?

धुळाप्पा : ती भितीपाशी नव्हतीच की, सायेब. चाकापाशी हुती.

मास्तर : केराबाई म्हणजे आपल्या कांडीखात्यातली, साहेब. कांड्या भरणारी. उजवा पाय गुडघ्याखाली मोडला आहे. इस्पितळात मी काल पाहून आलो.

धुळाप्पा : म्या रोज जातोय. माज्याकडं बघत न्हाय ती. डबा ठिवला की भितीकडं तोंड करती.

मॅनेजर : मास्तर, काच वाकडी आहे, हे मी मानलं. डोळ्यांनीच पाहिलं. पण एजंट काय म्हणेल माहीत आहे? अपघातात गाडी खांबाला घासली, दाराला दणका बसला, त्यात काच बिघडली.

मास्तर : दणक्याने काच फुटेल, तिच्या पोटात लाट उमटणार नाही.

मॅनेजर : हे तुम्ही म्हणता. तुम्ही पडलात कापडवाले. तो विचारेल, दोष आधीपासून होता हे कशावरून? कुणी पाहिला होता?

मास्तर : प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर देऊ शकणारा मनुष्य समोर उभा आहे. धुळाप्पा, ही काच अशी दिसते, हे तुझ्या प्रथम केव्हा लक्षात आले?

धुळाप्पा : आता... तसं ध्यानात न्हाय, मास्तर.

मास्तर : आठव.

धुळाप्पा : आसंल कवातरी. जाऊ द्या की. काच वाकडी हाय हे सायबांनी बघितलं न्हवं?

मास्तर : जाऊ कसे द्यायचे? पुरावा अर्धा ठेवला तर तो नसल्यासारखाच. काल तू माझ्या ओट्यावर बसून म्हणालास, मास्तर, मला वाचवा. मी तुला खऱ्याच्या बळावर वाचवू शकतो. दुसरे कोणतेही बळ माझ्यापाशी नाही. म्हणून विचारतो, आणि उत्तर नेमके हवे. केव्हा?

धुळाप्पा : नेमकं सांगू?

मास्तर : नेमके.

धुळाप्पा : पैल्या दिसापास्नं.

मॅनेजर : पहिल्या दिवसापासून?

धुळाप्पा : रेल्वेनं आली न्हवं का गाडी? ठेसनावर उतरवून घेतली, हिकडं आनाय लागलो. डावीकडं बघितलं तर तारंचा खांब पान्यात बुडवल्याल्या काठीवानी मोडला. म्होरला खांब बी तसाच. मानसं तर आशी लांब व्हायची, मग एकदम आखूड. तवापास्नं रोजच.

मास्तर : ऐकलेत, साहेब? खांबाला गाडी घासण्याच्या चार महिने आधी! एजंटाला आता पळवाट उरली नाही. कागद द्या. नको, आपल्या कारकुनाला बोलावू नका; त्याच्या वाक्यांना शेंडाबुडखा नसतो. मीच लिहितो.

मॅनेजर : लिहा. पण आटोपशीर.

मास्तर : एकच वाक्य पुरे. ‘सदर मोटारीच्या डाव्या द्वाराच्या काचेतील दोष, मोटार सोलापुरास आली त्या दिवसापासूनच विद्यमान असून, तो चालक धुळाप्पा याने त्याच दिवशी प्रत्यक्ष पाहिला होता, व त्यानंतर चार महिनेपर्यंत प्रतिदिनी तो त्याच्या दृष्टीस पडत आलेला आहे.’ खाली माझी सही. धुळाप्पा, इथे अंगठा कर. पुसट नको, नीट उमटू दे.

धुळाप्पा : हितं?

मास्तर : इथेच. झाले.

मॅनेजर : वा, मास्तर! एक शब्द इकडचा तिकडे करायला नको. आता हेच आणखी एकदा उतरून काढा. दोन प्रती लागतील.

मास्तर : दोन कशाला?

मॅनेजर : एक एजंटाला. नवी गाडी पाठवावी लागेल त्याला. मालक तुमच्यावर बेहद्द खूश होणार. दुसरी फौजदाराला.

मास्तर : फौजदाराकडे तर ती गेलीच पाहिजे. तिच्यावरून हा निर्दोष ठरतो.

मॅनेजर : निर्दोष? मास्तर, तुम्ही काय लिहिलंय ते वाचलंत का?

मास्तर : मी लिहिलेले मला वाचावे लागत नाही.

मॅनेजर : मग मी वाचतो. याला पहिल्याच दिवशी दिसलं. रोज दिसत होतं. चार महिने! आणि हा चार महिने याच काचेतून बघत गाडी हाकत राहिला, माणसांच्या गर्दीतून, मालकांची मुलं मागं बसवून. फौजदार आणखी काय विचारणार?

मास्तर : पण दोष काचेचा आहे! आपण स्वतः...

मॅनेजर : काचेचा आहेच की. ते मी एजंटाला कळवतोय. तुमच्या मागखात्यात भिंतीवर एक पाटी आहे. कुणी लावली?

मास्तर : मी.

मॅनेजर : काय आहे तिच्यावर?

मास्तर : ‘वीण बिघडलेली दिसताच माग थांबवावा.’

मॅनेजर : खालची ओळ?

मास्तर : ‘दिसूनही माग चालू ठेवणाऱ्यास दंड दुप्पट.’

मॅनेजर : विणकर काय सांगतात? सूत खराब आलं, आमचा काय दोष? मग तुम्ही काय म्हणता?

मास्तर : सूत खराब होते, हे दिसल्यावर तू थांबला का नाहीस, असे म्हणतो.

मॅनेजर : झालं तर.

धुळाप्पा : सायेब, म्या एक बोलू का?

मॅनेजर : बोल.

धुळाप्पा : काचंत खोट हाय, हे मला ठावंच नव्हतं. यवढी म्हागाची गाडी, इलायतेची, वर चिट्टी लावल्याली. तिच्यात खोट आसंल आसं मनात तरी येतंय का? म्या म्हनलं, आपलंच डोळं चाललं. आमच्या आबाचं बी चाळिशीत गेलं हुतं. मायाक्का, माजी बायकू, चार म्हैनं झालं रोज सकाळी डोळ्यात मध घालतीया. आग आग हुती नुसती. पर कुनाला सांगनार? सांगितलं की तुमी चावी काढून घ्याल.

मास्तर : पाहा, साहेब! याला दोष दिसला, पण तो कशाचा, हे कळले नाही. दिसणे निराळे आणि जाणणे निराळे.

मॅनेजर : बरोबर. म्हणजे आपली नजर गेलीय, असं समजून हा मोटार चालवत होता. आणि ते सगळ्यांपासून लपवून. मास्तर, लिहा की तेही खाली. तेही खरंच आहे.

धुळाप्पा : नगा, मास्तर.

मॅनेजर : का रे? लिहू दे त्यांना.

मास्तर : नाही. ते मी लिहिणार नाही.

मॅनेजर : बावीस वर्षांत पहिल्यांदा एक दोष सोडून देताय, मास्तर.

मास्तर : तो कागद मला परत द्या. मी त्यात दुरुस्ती करतो.

मॅनेजर : सही झाली, अंगठा झाला. एकदा शिक्का मारलेला तागा तुम्ही कधी परत घेतलात? हे बघा, मला याच्यावर दात धरायचा नाही. केराबाईसाठी मालकांकडे मी शब्द टाकीन. याच्यासाठीही फौजदाराशी बोलेन. पण एका बाईचा पाय मोडलाय, तेव्हा कुणीतरी चुकलेलं असायला हवं. विलायतेतल्या त्या सहीवाल्याला फौजदार काही आगबोटीनं इथं आणणार नाही. हा इथं आहे.

मास्तर : म्हणजे जो हाती लागला तो दोषी?

मॅनेजर : तुमच्या ताग्यांचंही तसंच असतं, मास्तर. कापूस कुणी पिंजला, सूत कुणी कातलं, ते तुम्ही कुठं शोधत बसता? ज्याच्या मागावर सापडलं त्याचं. बसा, दुसरी प्रत काढा.

मास्तर : मी नाही काढत.

मॅनेजर : राहिलं. कारकून काढेल. शेंडाबुडखा तुम्ही घालून दिलाच आहे. एजंटाची प्रत तो करेल. हा मूळ कागद फौजदाराला. धुळाप्पा, तूच घेऊन जा. आपल्या पायांनी गेलास तर बरं दिसेल. आणि चावी तिथं खुंटीला लाव. मी तार करून येतो.

धुळाप्पा : व्हय, सायेब.

मास्तर : मी... धुळाप्पा, ते गेले का?

धुळाप्पा : गेलं. बसा, मास्तर. ह्या पायरीवर बसा. काय हुत न्हाय मोटारीला.

मास्तर : मी खोटे लिहायला हवे होते काय?

धुळाप्पा : तुमाला जमलं नसतं.

मास्तर : मला असे वाटले की सगळे सांगितले म्हणजे... सगळे पूर्ण झाले म्हणजे कुणाला बोट ठेवायला जागा राहणार नाही.

धुळाप्पा : न्हायच ऱ्हायली.

मास्तर : तू आधी टाळत होतास. तुला हे उमगले होते?

धुळाप्पा : थोडंफार. पर तुमी इतकं इचारीत हुता. म्हनलं, मास्तर एवढं खोदून इचारत्यात, म्हंजी त्यांच्या मनात काईतरी आसंल.

मास्तर : आण तो कागद. मी शेवटी ‘परंतु’ घालतो. अजून जागा आहे.

धुळाप्पा : परंतूच्या म्होरं काय लिवनार?

मास्तर : लिहीन की... असे की, चालकाचा समज असा होता की...

धुळाप्पा : डोळं गेल्यात म्हनून?

मास्तर : हो.

धुळाप्पा : त्येनं तर पुरताच बुडंन मी.

मास्तर : मग मी काय करू, ते तरी सांग. मी साक्षीला येतो. मालकांना पत्र लिहितो. सांग, काय करू?

धुळाप्पा : काय नगं. माज्यासंगं चौकीपतुर चला निस्तं. फौजदारानं काय लिवलंय म्हनून इचारलं, तर मला कुटं वाचाय येतंय? तुमीच वाचून दावा.

मास्तर : मी वाचू?

धुळाप्पा : तुमचंच अक्षर हाय की.