तिसरा पेला

वगदी : बाबा, हा तिसरा पेला गार होतोय.

रागेब : बशी झाक त्याच्यावर. तुझ्या आत्याचा आहे. शुक्रवारी तिची फेरी कधी चुकली नाही.

वगदी : तिला आधी सांगायला हवं होतं.

रागेब : सांगितलं असतं, तर सगळं दुम्यात शहर गोळा करून मला समजवायला आली असती. तीस वर्षं या सज्जातून मी खालच्या कॉफीवाल्या अशमावीला ‘साखर जादा’ म्हणून हाक दिली. आज ‘तीन सादा’ म्हणावं लागलं. आवाज रडका निघाला असेल माझा.

वगदी : अशमावीनं काय म्हटलं?

रागेब : वर बघितलं, छातीवर हात ठेवला आणि मान खाली घातली.

वगदी : छातीवर हात? बाबा, बिनसाखरेची कॉफी आपल्याकडे कधी मागवतात, तुमच्या लक्षात आलं का?

(दार ढकलून रागेबची थोरली बहीण इन्साफ येते. अंगावर काळे कपडे, हातात खिरीचं भांडं.)

इन्साफ : अरे देवा! कोण गेलं? रागेब, तू... तू आहेस. वगदी कुठे? वगदी!

वगदी : इथेच आहे मी, आत्या.

इन्साफ : मग गेलं कोण? अशमावीचा निरोप आला, रागेबच्या घरून तीन सादा मागवल्यात, आवाज भरून आला होता. कपडे बदलले आणि धावत सुटले. अख्ख्या रस्त्यात मी तुम्हा दोघांना आळीपाळीनं पुरत आले!

रागेब : आणि मयताच्या घरी खीर घेऊन आलीस?

इन्साफ : हातात होती. खाली ठेवायचं सुचलं नाही. हसू नकोस! काळीज अजून थाऱ्यावर नाही माझं. कोणी गेलं नाही, तर सादा कशाला?

रागेब : प्यायला. आजपासून या घरात साखर नाही. सकाळची साय आणि मध नाही, ते खारट चीजही नाही. उकडलेले बाकल्याचे दाणे, जिरं, लिंबू. झालं.

इन्साफ : कुठल्या डॉक्टरनं डोक्यात भरवलं हे? म्हशीच्या सायीवर वाढलेली हाडं आपली. आणि ही खीर? आईच्या पद्धतीची आहे ही, तिच्यानंतर मी एकाही शुक्रवारी चुकवली नाही. ती काय ओतून देऊ?

रागेब : तू आणलीस, पोचली. पण मी खाणार नाही.

इन्साफ : एक चमचा.

रागेब : नाही.

इन्साफ : माझ्या गळ्याची शपथ.

रागेब : इन्साफ, शपथ घालू नकोस. मोडावी लागेल.

वगदी : आत्या, बस जरा. त्या कोपऱ्यातली फळी बघ. पलंगाच्या उशाकडची.

इन्साफ : बघितली. नवरीचा पत्ता नाही आणि पलंग तयार. बापलेक दोघेही उफराटे.

वगदी : डावीकडच्या कोरीव गुलाबावर डाग आहे, दिसतो?

इन्साफ : पॉलिश सांडलंय.

वगदी : रक्त आहे. परवा पटाशी बाबांच्या अंगठ्यात शिरली. ते कोरतच राहिले. मी ओरडलो तेव्हा त्यांना कळलं.

इन्साफ : म्हणजे?

रागेब : म्हणजे अंगठ्याला कळलंच नाही. पाकळी किती खोल गेली हे मी डोळ्यांनी कधी बघितलं नाही, इन्साफ. अंगठा फिरवायचा आणि कळायचं. आता लाकूड नुसतं गार लागतं. साखरेनं नसा खाल्ल्या. गेलं ते परत येईल असं डॉक्टर म्हणत नाही. राहिलंय ते मात्र राखता येईल, म्हणतो. चार बोटं राहिलीत. तेवढ्यात मला या पोराचा पलंग पुरा करायचाय.

इन्साफ : मग थोडी कमी कर. जादाची मध्यम कर. एकदम सादा म्हणजे... सामिया गेली तेव्हा प्यायलो होतो आपण ती. या घरात पुन्हा त्याच चवीचं नाव नको.

रागेब : तुम्ही प्यायलात. मी नाही.

वगदी : बाबा?

रागेब : तुझी आई गेली त्या दिवशी सगळ्यांसमोर सादा फिरत होती. मी अशमावीच्या कानात सांगितलं, माझ्या पेल्यात जादा. तिच्या दुखवट्यातसुद्धा मला एक कडू पेला गिळता आला नाही. तिची एक सादा राहिली आहे माझ्याकडून.

वगदी : मला कधी बोलला नाहीत.

रागेब : हे कसं बोलायचं असतं?

वगदी : ...आत्या, तुझी दुसरी चप्पल कुठे आहे?

इन्साफ : कुठली दुसरी? पायातच... अगबाई. धावताना निसटली वाटतं.

वगदी : पाय वर घे. दारापासून फरशीवर ठसे उमटलेत. टाचेत काच आहे.

इन्साफ : काहीतरीच. काच असती तर दुखलं नसतं का?

रागेब : दुखतंय का?

इन्साफ : (वाकून टाच चाचपते.)

रागेब : इन्साफ, दुखतंय का?

इन्साफ : नाही रे.

रागेब : कधीपासून?

इन्साफ : हिवाळ्यापासून असेल. मला वाटलं, थंडीनं बधिर झालेत पाय. बरंच वाटायचं, दिवसभर उभं राहिलं तरी कुरकुर नाही.

रागेब : वगदी, चिमटा आण, कोमट पाणी आण. उद्या सकाळी डॉक्टरकडे तिघं जाऊ.

इन्साफ : त्या बशीखाली काय झाकलंय?

रागेब : तुझा पेला. कॉफी गार झाली असेल. दुसरी मागवतो.

इन्साफ : नको, सज्जात जाऊ नकोस. तू पुन्हा हाक मारलीस तर उरलेली गल्ली काळे कपडे घालून वर येईल. दे ती.

वगदी : कडू आहे, आत्या.

इन्साफ : माहीत आहे मला कशी असते ती. तू आधी काच काढ. मग खाली जाऊन माझी चप्पल शोध, आणि अशमावीला सांग, कोणी गेलेलं नाही.