साठीत पोट ल्हान केलं

मी मूळची शिरोळकडची, शेवंता नाव माझं. बाप दुसऱ्याच्या उसात राबायचा, घरात चूल रोज पेटलच असं न्हवतं. लगीन होऊन कोल्हापुरात आलो आणि पोरींच्या वसतिगृहात सैपाकीण म्हणून लागलो, तीस वर्षं तिथंच काढली. काय सांगू तुम्हाला पावणं, भूक बघितलेली की, पोरी जेवल्यावर उरलेलं टाकवायचं न्हाय, मग ते माझ्याच पोटात जायचं. वाढत गेलो, वाढतच गेलो. मालक गेले, माझी नोकरी संपली, आणि साठी गाठली तवा मला आंघोळ घालायला सून लागायची.

दवाखान्यातल्या काट्याचा आकडा संपला, म्हणून ल्योक मला गुळाच्या अडतीत घिऊन गेला, ढेपांच्या काट्यावर हुबी केली. एकशे बेचाळीस किलो. हमाल खाली बघत हुबं ऱ्हायलं, हसलं न्हाय कुणी, त्याचंच जास्त लागलं बघा.

ल्योक शिरोलीत फौंड्रीत हाय, त्याला कुणीतरी पुण्यातला डाक्टर सांगितला, आपरेशन करून पोटाची पिशवी ल्हान करणारा, म्हंजे खाणं कमी आणि वजन उतरतंय. डाक्टर म्हणाला, आजी, तुमच्या वयात धोका जास्त, आणि सगळंच बरं हुईल असं मी सांगत न्हाय. लेक गडहिंग्लजला दिलेली, ती आली ती रडतच, आई, हायस तशी ऱ्हा म्हणाली. मी तिला एवढंच म्हणालो, बाई, मला माझ्या हातानं आंघोळ करायची हाय. मग तिनंच माझी पिशवी भराय घेतली.

आपरेशन झालं आणि चौथ्या दिवशी ताप चढला, आतला टाका पाझरतोय म्हणून परत पोट उघडलं, तीन आठवडं नळ्या लावून पडलो. तवा वाटलं, लेकीचं ऐकाय पायजे हुतं.

पण वर्षात पन्नासेक किलो उतरलं. साखरंची सुई सुटली, गोळी तेवढी ऱ्हायली. आंघोळ माझी मी करतो. गुडघं झिजल्यालं ते झिजल्यालंच, केस गेलं, दंडाची कातडी लोंबती. अर्ध्या भाकरीच्या वर घास गेला की उलटतंय. पयलं पयलं ताट बघून रडायचो, जल्मभर सैपाक केला आणि आता खायाची चोरी.

परवा गल्लीतली एक बाई आली, माझ्याच वयाची, करू का म्हणून इचारत हुती. मी पदर सारून पोटावरचा वण दावला, सगळं सांगितलं, म्हणालो, मी केलं म्हणून तू करू नगंस, आणि मला तरास झाला म्हणून भिऊबी नगंस. ती गेली इचार करत. आता मी सुनंच्या हातचं दोन घास खातो, गल्लीच्या टोकापतोर जाऊन येतो, हाय त्यात बरं हाय. तुमच्याबी घरात सगळ्यांस्नी धड खाया-प्याया मिळू दे, आणि ते अंगी लागू दे, बेतानं.