तोंडी परीक्षेआधी

लेकीला इंग्रजीच्या तोंडी परीक्षेला आत पाठवून मावशी बाहेरच्या बाकावर टेकतात न टेकतात, तोच शेजारी आपल्या शिकवणीच्या सरांसोबत बसलेल्या नर्सचा आवाज चढला.

"नापास मी झाले, सर, तुम्ही नाही!"

"हळू बोल. आज दुसरी संधी आहे ना? चल, एक वाक्य म्हण बघू."

"नाही म्हणणार! सहा महिने शिकवलंत, पण माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाहीत. तोंड उघडलं की चूक!"

"चुका काढणं माझं कामच आहे."

"आणि पेशंटशी बोलणं माझं! गेल्या वेळी परीक्षक बाई पेशंट होऊन 'छातीत दुखतंय' म्हणून कण्हत होत्या आणि मी ढिम्म! डोक्यात नुसती तुमची लाल शाई. अकरा वर्षं वॉर्डात काढलीत मी. अशी मुकी कधी उभी राहिले नव्हते."

"ही संधीही गेली तर परदेशातली नोकरी हातची जाईल, एवढं लक्षात ठेव."

"तेच तर! मावशी, जरा माझ्या पेशंट होता का? कुठे दुखतंय?"

"गुडघा, बाई. पण मला इंग्रजी येत नाही हो."

"मला येतं."

नर्स त्यांच्यापुढे खाली बसली. गुडघ्यावर हात ठेवून, जिन्याकडे बोट दाखवून तिने इंग्रजीत काहीतरी विचारलं.

"थांब, थांब! क्रियापद चुकलं..."

"तुम्ही गप्प बसा हो!" मावशी सरांवर कडाडल्या आणि नर्सकडे वळल्या. "चढताना नाही, बाई. उतरताना जास्त दुखतो."