फॉर्मवरचा बाप

नंदुरबारच्या एका सोनोग्राफी केंद्रात निर्मलाबाई आपल्या नंबराची वाट पाहत होत्या. शेजारी दोन भाऊ एका फॉर्मवर वाकून बसले होते. थोरल्याच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलेली निघाली, म्हणून डॉक्टरांनी धाकट्यालाही तपासायला बोलावलं होतं.

“हेमकांत, ‘वडिलांना हा आजार होता का’, तठे ‘नाही’ का लिखं?”

“मी काकाले दत्तक गयतू ना, मगनभाऊ. कागदवर मन्हा बाप काकाच शे. तो तर ऐंशी वरीसना हुईसन झोपमा गया.”

“डॉक्टरले कागद नको, रगत पाहिजे. आपला बापनी हाईच नस फुटनी ना?”

“तो तुन्हा बाप. तुलेच खांदावर लई फिरे. मी दूरथून देखे.”

“आन काकानी तुले बारा एकर केळीनी जमीन दिनी, ते मी देखं नही का?”

“ऱ्हाऊ दे ते. डॉक्टर काय म्हनेत? आपल्याच शरीरन्या रोगसंगे लढणाऱ्या पेशी नस कुरतडतस?”

“हा. थोडं बिडीमुळे, थोडं बापकडथून.”

“मंग ते बी तुलेच दिनं.”

“येडा, तुले बी आसू शकस. खोड ते.”

हेमकांतनं ‘नाही’ खोडून ‘होय’ लिहिलं. तेवढ्यात सिस्टरनं त्याला आत नेलं.

पंधरा मिनिटांनी तो बाहेर आला.

“काय निंघनं रे?”

“काहीच नही. नस एकदम चांगली शे.”

“मंग तोंड पाडीसन का उना?”

“बापनं मन्हामा काहीच नही, भाऊ.”