शाळेपुढचे पंचवीस डॉलर

टेक्सासमधल्या त्या लहान गावच्या कोर्टात दंड भरायला रांग लागली होती. खिडकीमागची मारिसेला पावत्या देता देता ऐकत होती. पुढे एक तरुण उभा होता, त्याच्यामागे पिवळ्या जाकिटातल्या ओरालियाबाई. तरुणानं मागे वळून त्यांना विचारलं,

"दंड समजला, पण वर हे पंचवीस डॉलर कसले, मावशी?"

"शाळेपुढे गाडी पळवली की लागतात. मुलांना रस्ता पार करून द्यायला माणसं उभी करतात, त्यासाठी."

"मला मूलबाळ नाही. मी का भरू?"

"त्या नाक्यावर मीच असते, गाड्यांना 'थांबा'ची पाटी घेऊन."

"मला तर पाटीबिटी काही दिसली नाही. पण तुम्ही इथं कशाला?"

"शाळेपुढे गाडी पळवली."

"तुम्ही?"

"उशीर झाला होता. मी नसले तर मुलं तशीच रस्त्यात घुसतात."

"पोलीस ओळखीचा असेल की. सोडलं असतं."

"सोडतच होता. मीच म्हटलं, लिही पावती. नाहीतर दुसऱ्या दिवशी कुठल्या तोंडानं गाड्या अडवू?"

तरुणानं खिशातून पाकीट काढलं.

"बाई, तुम्ही या पुढे," मारिसेला म्हणाली.

"नको, आधी ह्याचे पंचवीस घे. नवी पाटी आणायचीय. जुनी ह्याला दिसत नाही."