उत्तीर्णास पुन्हा प्रवेश नाही

अहो, बसा, बसा — उठू नका. खिडकीजवळची आहे, वारा येतो, म्हणून सगळ्यांचा डोळा असतो तिच्यावर, बाकी काही नाही. माझीच खुर्ची आहे ती. म्हणजे नाव कोरलेलं नाही, पण वर्ग सुरू झाल्यापासून मी तिथे बसते आणि दुसरं कुणी बसलं तर मी त्याच्याकडे नुसती बघत उभी राहते, एवढं पुरतं. आज तुम्ही बसा. पाहुणे आहात. पाणी हवंय? माठ त्या कोपऱ्यात. पेला धुऊन परत पालथा ठेवायचा — तशी पाटी आहे माठावर, वाचलीत ना? इथे सगळ्याला पाटी आहे. खाली दाराशी दोन आहेत. वरची, ‘आजीवन शिक्षण केंद्र’. आणि तिच्याखाली लगेच, ‘उत्तीर्णास पुन्हा प्रवेश नाही’. म्हणजे शिका जन्मभर, पण शिकलात तर घरी जा. कसबा पेठेतच सुचतं असं.

तर तुम्ही प्रवेशाचं विचारत होतात. प्रवेश कसला घेताय, सत्र संपलं. ज्येष्ठांसाठी संगणक आणि मोबाइल परिचय, आज चार वाजता परीक्षा. तनुजा मॅडम येतीलच इतक्यात. पण मी म्हणते, तुम्ही थेट परीक्षेलाच बसा ना. चालतं तसं, मी मॅडमना विचारून ठेवलंय. कुणी जाणकार आला तर बसवाल का, म्हटलं, तर आनंदानं बसवीन म्हणाल्या. आणि तुम्ही तर — आत्ता जिन्यात मी बघत होते ना — उभ्या उभ्या मोबाइलवर टकाटक काय ते भरलंत, चष्मासुद्धा वर-खाली केला नाहीत. बँकेत होतात म्हणालात? संगणक विभागात? मग झालं तर. तुम्हाला कसलं अवघड. एक ई-मेल पाठवायचा, त्याला एक फोटो जोडायचा आणि एक विजेचं बिल भरल्यासारखं करायचं. पाच मिनिटांत मोकळे. प्रमाणपत्र मिळतं, गुलाबाचं फूल मिळतं, मॅडमबरोबर फोटो. घ्याच तुम्ही.

आम्हाला? छे हो, आम्हाला कुठलं जमतंय. ते टोपीवाले दिसतात ना, पोपटराव, लोणी काळभोरचे — जमिनी विकल्या, आता गाडी आणि ड्रायव्हर घेऊन शिकायला येतात. दर परीक्षेत ते संगणक बंद करतात. मेल पाठवा म्हटलं की बंद. ‘मला वाटलं हेच बटन हाय,’ म्हणतात. आणि हाच माणूस खाली रसवंतीत बसून व्हिडिओ कॉलवर तीन भावांना एकाच वेळी शिव्या देतो, प्लॉटचे नकाशे पाठवतो, बोट कुठे अडत नाही. त्यांच्या शेजारी नागोराव. नांदेडकडचे, मुलगा हिंजवडीला नोकरीला म्हणून इथे. ते मेल अगदी सुरेख लिहितात, आणि पाठवतात स्वतःलाच. मी कॅलक्युलेटर उघडते. दर वेळी. मॅडम म्हणतात, आजी, हे नाही हो, आणि मी म्हणते, अगंबाई, हो का?

आता असे बघू नका. समजलंच असेल तुम्हाला, बँकेतला माणूस. जमतं हो सगळं. सगळ्यांना जमतं. मॅडमनी इतकं छान शिकवलंय की दगडालासुद्धा जमेल. पण पास झालं की ती खालची पाटी आहे ना. मग दुपारचं जायचं कुठे? सारसबागेत? तिथे सगळे गुडघ्यांवर बोलतात. देवळात बसावं तर दोन आरत्यांच्या मधे तिथेही दार बंद. इथे कसं, माठ आहे, पंखा आहे, हजेरी घेतात — तुमचं नाव घेऊन कुणी विचारतं की तुम्ही आहात का. तुम्ही म्हणायचं, आहे. रोज दुपारी. गंमत वाटेल तुम्हाला, पण मला ते आवडतं. वाईट एकाच गोष्टीचं वाटतं, मॅडमचं, त्या पोरीचं. मागच्या वेळी निकाल वाचताना तिचा आवाज गेला. माझंच शिकवणं कमी पडतंय, म्हणाली. आम्ही सगळे माना खाली घालून बसलो, जशी काही खरंच अक्कल नाही.

घरी खुर्च्या नाहीत का, असं म्हणाल. आहेत की. विश्रांतवाडीला मुलाचा फ्लॅट आहे, सार्थकचा, केवढा तरी सोफा आहे त्यात. पण सून, अपेक्षा, घरून काम करते आणि हॉलमध्येच नेट नीट येतं, त्यामुळे दिवसभर हॉल म्हणजे तिचं ऑफिस. मी स्वयंपाकघरात पाण्याला गेले तर तिच्या मागून वाकून जायचं. कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून. कंबर धरून वाकून जायचं आणि पेला घेऊन वाकून यायचं, न सांडता. कवायतच आहे, या वयाला चांगली. अपेक्षा वाईट नाही हो. कधी वर आवाज नाही, आई-आई करते, माझ्या गोळ्या तीच मागवते. पण रेसिपी बघायला म्हणून तो टॅब मला दिला ना, त्यावर तिचे मेसेजही येतात. आईंना कुठे ते उघडून वाचता येतंय, चार वेळा नापास झाल्यात, म्हणून ठेवतात तसाच. परवा मैत्रिणीला लिहिलं होतं तिनं — आई क्लासला गेल्या की महत्त्वाचे कॉल घेते, दुपार काय छान मिळते म्हणून सांगू. मी भाजी चिरत होते. तिचं चुकलं असं नाही म्हणत मी. मला वाटायचं, दुपारी बाहेर जाते ती मी माझ्या मर्जीनं जाते. लागलं हो ते. आणि रात्री जेवताना सार्थक म्हणाला, आई, अजून मेल जमत नाही? ऑफिसात सगळ्यांना सांगतो मी. दोघं हसली. मीही हसले. काय करता, जमतो म्हणाले असते तर दुपार गेली असती — माझीही आणि तिचीही.

हे का सांगतेय मी तुम्हाला? हां, परीक्षा. तर अडचण अशी की संस्थेचे नवे सचिव आलेत, विश्वजीत म्हणून. जुन्या अध्यक्षांचे चिरंजीव. त्यांना इथे अभ्यासिका काढायचीय, स्पर्धा परीक्षांच्या मुलांना भिंतीकडे तोंड करून बसवायचं आणि टेबलं भाड्यानं द्यायची. गोड माणूस, पाया पडतो आणि मग बोलतो. म्हणाला, वर्षाला निदान एक तरी विद्यार्थी उत्तीर्ण झाला पाहिजे, नाहीतर वर्ग कशासाठी चालवायचा? बरोबरच आहे त्याचं. म्हणून दर वर्षी एकानं पास व्हायचं असं आम्हीच ठरवलं. गेल्या वर्षी द्वारकाबाई झाल्या. म्हणजे ठरवून नाही, ठरलं होतं नागोरावांचं. पण बाईंनी सवयीनं मेल पाठवला, फोटो जोडला, बिल भरलं, आणि मग तोंडावर हात ठेवला. हसलो आम्ही सगळे. टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या आठवड्यात डबा घेऊन आल्या तशाच, जिन्यात बसल्या. इथे काय बसायला मनाई आहे का, म्हणाल्या. दोन दिवसांनी सचिव पाया पडला त्यांच्या. मग नाही आल्या. आता रोज पहाटे आमच्या ग्रुपवर फुलाचं चित्र येतं त्यांचं, खाली ‘आपला दिवस आनंदात जावो’. कुणी उत्तर देत नाही. मीही नाही. मी बघते आणि फोन पालथा ठेवते.

यंदा म्हटलं, भानगड नको, चिठ्ठ्या टाकू. पोपटरावांच्या टोपीत टाकल्या. नागोरावांनी काढली आणि वाचलीच नाही, माझ्या हातात दिली. ‘आनंदीबाई.’ म्हणजे मीच. माझ्याच अक्षरात, मीच लिहिल्या होत्या ना सगळ्या.

म्हणून म्हणते, देव भेटल्यासारखे भेटलात तुम्ही. एकानं पास व्हायचंय, कोण झाला याचं सचिवाला काय? तुम्ही व्हा. तुमचं काय जाणार आहे? तुम्हाला येतंच आहे. मॅडमचा चेहरा फुलेल, वर्ग राहील, मी पुढच्या वर्षी पुन्हा कॅलक्युलेटर उघडीन आणि तुम्ही प्रमाणपत्र घेऊन खुशाल — काय म्हणालात?

नाही, ऐकू आलं मला. परत म्हणा.

नापास झालं तर पुढच्या वर्षी येता येतं का. येतं की. नापासाला कोण अडवतंय. पण तुम्ही कशाला — थांबा जरा. तुम्हाला मेल करता येतो. बिलं तुम्हीच भरता घरची. नोकरीतली सगळी वर्षं संगणकापुढे गेली तुमची. मग तुम्ही काय शिकायला आलात हो इथे?

हं. बोलू नका, कळलं. मघाशीच कळायला हवं होतं, आल्या आल्या खिडकीकडे गेलात तुम्ही, मॅडम कुठे आहेत असं विचारलंसुद्धा नाही. निवृत्त होऊन किती झालं? आणि घरी कोण कोण असतं? हॉलमध्ये कोण बसतं — नको, राहू द्या, सांगू नका. मला ऐकायचं नाही. माझ्याकडे माझं पुरेसं आहे.

नागोराव, हसू नका तुम्ही. पोपटराव, तो संगणक सुरू करून ठेवा माझा. आल्या मॅडम, चपला काढताहेत.

अहो, प्रवेश जूनमध्ये सुरू होतात. आधारची प्रत आणा, दोन फोटो आणा, मेल करता येत नाही म्हणून सांगा. खुर्ची रिकामी झालेली असेल. पण आत्ता उठा. उठा म्हणते ना. आजचा दिवस ती माझी आहे.